व्हॉलीबॉलचे नियम इतक्या वेळा का बदलले, आणि १८९५ चा खेळ आज कसा खेळून दाखवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचा संघ शिकवता आणि क्रीडा महोत्सवात अर्ध्या तासात व्हॉलीबॉलचा इतिहास मांडायचा आहे. हाती आलेल्या माहितीत नुसती सनावळी आहे. कुठे सामना २१ गुणांचा लिहिलाय, कुठे १५ चा, कुठे चक्क डावांचा. यातलं खरं काय, नियम इतके का बदलले, आणि मूळ खेळ आजच्या मैदानावर खेळून दाखवता येईल का, हे तुम्हाला हवं आहे.

आधी सोपं उत्तर: डाव, २१ आणि १५, तिन्ही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळे आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. तारखा पाठ करून सांगितल्या की मुलांना त्या एकमेकींशी जोडता येत नाहीत. म्हणून मी शिकवताना तारखेच्या आधी अडचण सांगतो. त्या वर्षी खेळात काय बिघडलं होतं आणि कुठल्या नियमाने ते सावरलं, हे कळलं की तारीख आपोआप लक्षात राहते.

या खेळात चेंडू धरता येत नाही आणि समोरच्याला अंगाने अडवताही येत नाही. त्यामुळे सगळी लढत नेटच्या वरच्या काठावर एकवटते. हल्ला वरचढ झाला की रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतचा खेळ, दोन फटक्यांत संपते. बचाव वरचढ झाला की रॅली संपतच नाही. सव्वाशे वर्षांतले बहुतेक मोठे बदल हा तोल पुन्हा जागेवर आणण्यासाठी झाले. उरलेले सामना किती वेळ चालावा या एका प्रश्नातून आले. हे दोन धागे धरून ठेवा.

आता सुरुवात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक गावी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या व्यायामशाळेचे प्रमुख विल्यम जी. मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ बांधला. जवळच स्प्रिंगफिल्डला डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला होता. मॉर्गन स्वतः स्प्रिंगफिल्डच्याच संस्थेत शिकलेले, नेस्मिथना ओळखणारे. होल्योकला त्यांच्याकडे संध्याकाळी व्यायामाला येणाऱ्यांत बरेच जण वयाने मोठे व्यापारी आणि नोकरदार होते. बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना झेपत नव्हती, आणि नुसत्या कवायतीला ते कंटाळत. घाम येईल पण हाडं मोडणार नाहीत, असा खेळ हवा होता.

मॉर्गन यांच्या मनात पहिल्यांदा टेनिस आलं. पण त्याला रॅकेटी लागतात, प्रत्येकाला साहित्य लागतं, म्हणून ते बाद केलं आणि मधलं नेट तेवढं ठेवलं. ते साधारण पुरुषाच्या डोक्याच्या जरा वर येईल असं, जमिनीपासून ६ फूट ६ इंचांवर, म्हणजे १.९८ मीटरवर बांधलं. नेट मध्ये आलं तेव्हाच धक्काबुक्कीचा प्रश्न मिटला. चेंडूचा प्रश्न मात्र उरला. बास्केटबॉलच्या आतला रबरी ब्लॅडर वापरून पाहिला, तो फार हलका आणि संथ निघाला. अख्खा बास्केटबॉल फार मोठा आणि जड. मग ए. जी. स्पॉल्डिंग कंपनीकडून खास चेंडू करवून घेतला: रबरी ब्लॅडरवर चामड्याचं आवरण, परीघ २५ ते २७ इंच, वजन ९ ते १२ औंस. हे आकडे सेंटिमीटर आणि ग्रॅममध्ये करून पाहा. परीघ साधारण ६३.५ ते ६८.५ सेंमी आणि वजन २५५ ते ३४० ग्रॅम येतं. आजचा अधिकृत चेंडू ६५ ते ६७ सेंमी आणि २६० ते २८० ग्रॅमचा आहे. मैदान, नेट, खेळाडू, गुण, सगळं बदललं, पण पहिल्या चेंडूची मापं आजच्या चेंडूला अजून पोटात घेतात. मुलांना ही गोष्ट फार भावते, जरूर सांगा.

मॉर्गन यांनी खेळाला मिंटोनेट असं नाव दिलं होतं. १८९६ मध्ये स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण प्रमुखांच्या परिषदेत त्याचं प्रात्यक्षिक झालं, पाच-पाच जणांचे दोन संघ. एका संघाचे कर्णधार होल्योकचे महापौर होते, दुसऱ्याचे तिथल्या अग्निशमन दलाचे प्रमुख. हा खेळ कोणासाठी होता, ते यावरूनच कळतं. तिथेच आल्फ्रेड हॅल्स्टेड यांनी सुचवलेलं व्हॉलीबॉल हे नाव स्वीकारलं गेलं.

पहिल्या नियमांवर जरा थांबू या, कारण प्रात्यक्षिक तुम्हाला त्यांवरच उभं करायचं आहे.

मैदान ५० फूट लांब आणि २५ फूट रुंद होतं, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला २५ फुटांचा चौरस. खेळाडू किती, हे ठरलेलं नव्हतं. जागेला सोसतील तितके. मात्र एका खेळाडूने साधारण १० बाय १० फूट जागा सांभाळावी अशी अपेक्षा होती. गणित करा: ६२५ चौरस फुटांना १०० ने भागलं तर सहा जण बसतात. सहाचा नियम यायला पुढे वीसेक वर्षं लागली, पण पहिल्या मैदानाच्या मापातच तो आकडा बसत होता.

सामना नऊ डावांचा. प्रत्येक बाजूला तीन किंवा अधिक खेळाडू असतील तर एका डावात प्रत्येक संघाला तीन सर्व्हिस मिळत. इथे सर्व्हिस म्हणजे एक फटका नव्हे, एका खेळाडूची पाळी. त्याचा संघ चेंडू परतवायला चुकेपर्यंत तोच सर्व्हिस करत राहायचा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला. टेनिससारखा दुसरा प्रयत्न मिळायचा. सर्व्हिस करताना एक पाय मागच्या रेषेवर हवा आणि चेंडू किमान १० फूट तरी जायला हवा. तेवढा गेला की आपलाच साथीदार मध्ये हात लावून तो पलीकडे ढकलू शकत असे.

आपल्या बाजूला चेंडूला किती वेळा हात लावायचा यावर बंधन नव्हतं. खेळाडू चेंडू हातावर उडवत उडवत पुढे नेऊ शकायचा, फक्त नेटपासून ४ फुटांवरची रेषा तसं करत ओलांडायची नाही. चेंडू क्षणभर धरला तरी चूक. पहिली सर्व्हिस नेटला लागली तर तो एक प्रयत्न वाया. त्यानंतर खेळात कधीही चेंडू नेटला लागला की चूक, मग तो पलीकडे गेला तरीही. रेषेवर पडलेला चेंडू बाहेर धरला जायचा, आजच्या बरोबर उलट. भिंतीला किंवा छताला लागून आत आलेला चेंडू चालू राहायचा. आणि पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचं, बाकी कोणी बोललं तर त्याला बाहेर काढता यायचं.

हे नियम नीट पाहिले तर लक्षात येईल की यात स्मॅश (उडी मारून वरून खाली ठोकलेला फटका) नाही, ब्लॉक (तो फटका नेटवर हातांनी अडवणं) नाही, सेटर (मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारा) नाही. चेंडू जमिनीवर पडू न देणं हाच खेळ होता. खेळाडूंसाठीच्या सूचनांमध्ये दोन्ही हातांनी चेंडू मारा, समोरची मोकळी जागा शोधा आणि शक्यतो एकमेकांकडे पास द्या, असं सांगितलं होतं. पुढचं सगळं या शेवटच्या सूचनेतून उगवलं.

१९०० च्या आसपास डाव गेले, सामना २१ गुणांचा झाला आणि नेट साडेसात फुटांवर चढलं. तुम्हाला सापडलेला २१ हा आकडा या काळातला. त्यानंतर मैदान वाढून ६० बाय ३५ फूट झालं आणि रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणं, आलं. १९१७ च्या सुमारास २१ चे १५ गुण झाले, त्याच सुमारास नेट ८ फुटांवर गेलं. ८ फूट म्हणजे २.४३ मीटर, आजही पुरुषांचं नेट याच उंचीवर असतं. १९१८ मध्ये संघ सहा जणांचा ठरला.

नेट का चढवत नेलं? कारण खेळाडू आता वरून चेंडू मारायला लागले होते. इथे फिलिपाइन्सचं नाव आदराने घ्यायला हवं. मनिलाच्या वायएमसीएमार्फत हा खेळ तिथे गेला आणि १९१६ च्या सुमारास तिथल्या खेळाडूंनी एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून खाली ठोकायचा, ही जोडगोळी पक्की केली. त्या फटक्याला तिकडे बॉम्बा म्हणत. व्यायामशाळेतल्या प्रौढांचा निवांत खेळ तिथून पुढे चपळांचा खेळ झाला. माझ्या मते १८९५ इतकंच महत्त्व १९१६ ला द्यायला हवं. तुमच्या फलकावर या बदलाला मोठी जागा ठेवा.

स्मॅश आला आणि लगेच एक विचित्र प्रकार सुरू झाला. स्पर्शांवर मर्यादा नसल्याने संघ आपल्याच बाजूला चेंडू हवा तितका वेळ खेळवत राहायचे, सोयीची उंची आणि सोयीचा खेळाडू मिळेपर्यंत. समोरच्यांनी नुसतं बघत राहायचं. म्हणून १९२० च्या सुमारास तीन स्पर्शांची मर्यादा आली, आणि मागच्या फळीतल्या खेळाडूच्या हल्ल्यावर बंधन आलं. आज आपण पहिल्या दिवशी शिकवतो तो पास, सेट, स्मॅश हा क्रम या मर्यादेतून आला. दोन स्पर्श दिले असते तर सेट होऊन हल्ला नीट होत नाही, चार दिले असते तर बचावाला आशा राहत नाही. तीनमध्ये दोघांनाही संधी आहे.

प्रसाराबद्दल थोडक्यात. वायएमसीएच्या शाखांतून खेळ कॅनडात आणि आशियात गेला. १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैन्यात १६,००० व्हॉलीबॉल वाटले गेले, आणि सैनिकांबरोबर खेळ युरोपभर पोहोचला. १९१३ साली मनिलात झालेल्या फार ईस्टर्न गेम्समध्ये व्हॉलीबॉल होता, पण १६ जणांच्या संघांचा. आशियात ही संख्या पुढे उतरत नऊवर आली आणि कितीतरी वर्षं तिथे नऊ जणांचा, रोटेशन नसलेला खेळ चालला. त्यात प्रत्येकाची जागा पक्की असल्याने बुटका पण चपळ खेळाडू मागे राहून नुसता बचाव करू शकायचा. ही बाब लक्षात ठेवा, लिबेरोचा, म्हणजे फक्त बचावासाठीच्या खेळाडूचा, विषय निघेल तेव्हा लागेल.

१९४७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला १४ देशांनी आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ, म्हणजे एफआयव्हीबी, स्थापन केला. फ्रान्सचे पॉल लिबो पहिले अध्यक्ष. सगळीकडे एकच खेळ असावा यासाठी सहा जणांचा संघ, १८ बाय ९ मीटर मैदान आणि मेट्रिक मापं पक्की झाली. १९४९ मध्ये प्रागला पुरुषांची आणि १९५२ मध्ये मॉस्कोला महिलांची पहिली विश्व स्पर्धा झाली. दोन्ही सोव्हिएत संघाने जिंकल्या. ऑलिंपिकमध्ये खेळ आला १९६४ ला, टोकियोत, आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत एकाच वेळी.

आता जो भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो तो: १९६४ ते १९८४. या वीस वर्षांत नियम आणि डावपेच एकमेकांना उत्तर देत गेले.

टोकियोत महिलांचं सुवर्ण जपानने जिंकलं, सोव्हिएत संघाला हरवून. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. सोव्हिएत खेळाडू उंच आणि ताकदवान होत्या. जपानने उत्तर शोधलं ते जमिनीवर: सूर मारून चेंडू उचलायचा, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि त्याच वेगात पायांवर उभं राहायचं. या लोळणीमुळे दोन गोष्टी साधतात. जमिनीवर आपटून होणारी इजा टळते, आणि खेळाडू पुढच्या चेंडूला वेळेवर तयार असते. नुसता सूर मारणारी खेळाडू पडून राहते आणि संघ एका माणसाने कमी होतो. ज्या मुलांना लोळण शिकवता त्यांना ती कुठून आली हे सांगा, सराव जास्त मनापासून होतो.

त्याच सुमारास पंच वरून बोटांनी सर्व्हिस घेणाऱ्यांचा चेंडू धरल्याच्या आणि दुहेरी स्पर्शाच्या (एकाच खेळाडूला चेंडू सलग दोनदा लागण्याच्या) चुका कडकपणे पकडू लागले होते. म्हणून दोन्ही हात जोडून मनगटाच्या वरच्या भागावर चेंडू घेण्याची पद्धत, आपला अंडरहँड पास, सगळीकडे रुळली. आज तो मूलभूत वाटतो, पण खेळ सुरू होऊन साठेक वर्षं होईपर्यंत त्याला हे स्थान नव्हतं.

दुसरा मोठा बदल ब्लॉकचा. आधी ब्लॉक करणाऱ्याचे हात आपल्याच बाजूला ठेवावे लागत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर हात नेटच्या पलीकडे नेण्याची मुभा मिळाली. हात पलीकडे गेले की चेंडूसमोरचा कोन बंद होतो आणि ब्लॉक हेच हल्ल्याचं साधन बनतं. उंच संघांची चांदी झाली. यावर जपानच्या पुरुष संघाने, यासुताका मात्सुदाइरा यांच्या मार्गदर्शनाखाली, वेळेची फसवणूक हे उत्तर काढलं: सेट सुटण्याआधीच हवेत असलेला क्विक मारणारा, त्याच्यामागे थांबून उडणारा दुसरा, एकाच ठिकाणी दोघांच्या धावा. ब्लॉकरने पहिल्यासोबत उडी मारली की दुसरा मोकळा. या संघाने १९६८ ला रौप्य आणि १९७२ ला म्युनिकमध्ये सुवर्ण घेतलं. आज शाळकरी संघही खेळतात त्या क्विक आणि टाइम डिफरन्सला तिथून जोर मिळाला.

१९७६ ला पोलंडने मॉन्ट्रियलमध्ये सुवर्ण जिंकताना पुढचं उत्तर दिलं. टोमाश वॉयतोविच नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या मागून उडी मारून हल्ला करत होता. मागच्या फळीने रेषेच्या मागून उडी घेतली तर मारायला परवानगी होतीच, पण त्याचा असा नियमित हत्यार म्हणून वापर झाल्यावर ब्लॉकरला तीनऐवजी चार-पाच जणांवर लक्ष ठेवणं भाग पडलं. त्याच वर्षी बचावाला दोन आधार मिळाले. ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांत मोजणं थांबलं, त्यामुळे ब्लॉकनंतरही पूर्ण तीन स्पर्श मिळू लागले. आणि बाजूरेषांच्या २० सेंमी बाहेर असणाऱ्या अँटेना, म्हणजे चेंडू जाण्याची हद्द दाखवणाऱ्या नेटवरच्या उभ्या काठ्या, रेषेवर आल्या, म्हणजे चेंडू पलीकडे न्यायची रुंदी ९.४० मीटरवरून ९ मीटर झाली. ४० सेंमी ऐकायला थोडी वाटते, पण कडेने मारणाऱ्यासाठी ब्लॉकच्या बाहेरची जवळजवळ सगळी वाट त्याने बंद झाली.

१९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेने आणखी एक गोष्ट बदलली. प्रशिक्षक डग बील यांनी सर्व्हिस घेण्याचं काम पाच जणांऐवजी दोघांवर सोपवलं. उत्तम पास देणारे दोघे सगळं मैदान सांभाळतात आणि बाकीचे हल्ल्याला मोकळे राहतात. कार्च किराली त्या दोघांतले एक. त्याच स्पर्धेत ब्राझीलने उडी मारून जोरदार सर्व्हिस करत रौप्य मिळवलं, आणि जंप सर्व्हिस जगभर पसरली. सर्व्हिस हा खेळ सुरू करण्याचा उपचार राहिला नाही, तो पहिला हल्ला झाला. त्यानंतर समोरून येणारी सर्व्हिस ब्लॉक करण्यावर बंदी आली, तीही याच काळात.

आता दुसरा धागा, वेळेचा. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण, या पद्धतीला साइड आउट म्हणतात. पास आणि हल्ला इतके सुधारले होते की सर्व्हिस घेणारा संघ बहुतेक वेळा रॅली जिंकायचा, आणि त्याबद्दल त्याला फक्त सर्व्हिस मिळायची. दहा रॅली होऊनही फलक हलत नसे. एखादा सामना तासात संपे, दुसरा तीन तास चाले. दूरचित्रवाणीला असा खेळ दाखवणं अवघड जाई, आणि खेळाडूंच्या पायांवरही ताण येई. १९८८ मध्ये आधी पाचव्या सेटपुरती (इथे सेट म्हणजे सामन्याचा एक भाग) प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत आली. १९९८ मध्ये ती सगळ्या सेटना मंजूर झाली: चार सेट २५ गुणांचे, पाचवा १५ चा, दोन गुणांची आघाडी आवश्यक.

मधल्या काळात, १९९० च्या दशकात, बचावाला बरीच मोकळीक मिळाली. पायासह शरीराच्या कुठल्याही भागाने चेंडू खेळता येऊ लागला. पहिल्या स्पर्शाला दुहेरी लागला तरी चालू लागला. हल्ल्यालाही वाटा मिळाला: सर्व्हिसची जागा उजवीकडच्या ३ मीटरवरून वाढून पूर्ण ९ मीटर झाली. आणि १९९८ मध्ये लिबेरो आला: वेगळ्या रंगाची जर्सी, मागच्या फळीतच खेळायचं, ब्लॉक नाही, नेटच्या उंचीच्या वरून हल्ला नाही. नऊ जणांच्या खेळात बुटक्या बचावपटूला जी जागा होती आणि रोटेशनमुळे जी गेली होती, ती त्याला अशी परत मिळाली. तुमच्या संघातल्या सर्वांत कमी उंचीच्या मुलीला हा भाग वाचायला द्या.

आता प्रात्यक्षिक. तुमचा हॉल किती मोठा, खांब कुठवर खाली येतात आणि मुलं कितपत खेळलेली आहेत, यावर काही गोष्टी बदलतील. पण सर्वसाधारण मांडणी अशी ठेवा.

१८ बाय ९ च्या मैदानाच्या आत वेगळ्या रंगाच्या टेपने जुनं मैदान आखा. प्रत्येक बाजूरेषेपासून ६९ सेंमी आत आणि प्रत्येक मागच्या रेषेपासून १.३८ मीटर आत. म्हणजे १५.२४ बाय ७.६२ मीटर मिळतं. मध्यरेषेपासून दोन्हीकडे १.२२ मीटरवर एक रेषा, ती चेंडू उडवत नेण्याची मर्यादा. नेटचा वरचा काठ १.९८ मीटरवर, मधोमध आणि दोन्ही कडांना मोजून घ्या. आजचं नेट १ मीटर रुंद असतं, जुनं साधारण ६१ सेंमी होतं, म्हणून खालचा भाग गुंडाळून दर मीटरला सुतळीने बांधा. खांबाचा हूक तितका खाली येत नसेल तर वरची दोरी खांबालाच बांधा आणि गाठी मैदानाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. अँटेना या भागात लावू नका.

मुलं लहान आहेत म्हणून नेट आणखी खाली घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. त्या उंचीवर या वयाच्या मुलांना सहज स्मॅश मारता येत नाही, आणि म्हणूनच खेळ मुळासारखा दिसतो. प्रौढ खेळाडू असते तर उलट अडचण आली असती. १.९८ वर ते उभ्या उभ्या ठोकतात, तेव्हा त्यांना स्मॅशची बंदी घालावी लागते. चेंडूत हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे तो जुन्या चामडी चेंडूसारखा मंद उडेल. मात्र फार कमी करू नका, नाहीतर तो बोटांत रुततो आणि प्रत्येक स्पर्श धरल्यासारखा दिसतो.

प्रत्येक बाजूला सहा जण. नऊ डाव म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून ५४ सर्व्हिस पाळ्या होतात, त्या अर्ध्या तासात बसणार नाहीत. दोन डाव खेळा, १२ पाळ्या. सर्व्हिस खालून करायला सांगा, म्हणजे एकाच खेळाडूची पाळी लांबत नाही.

चुका कुठे होतील तेही सांगतो. मुलं सवयीने तिसऱ्या स्पर्शाला चेंडू पलीकडे मारतील आणि स्पर्शांची मोकळीक दिसणारच नाही. म्हणून पहिल्या दोन रॅलीत किमान पाच पास करायचे असं आधीच ठरवा. रेषेवरचा चेंडू बाहेर आणि नेटला लागून गेलेला चेंडू चूक, हे दोन नियम खेळाडूच काय, पंचही विसरतो. पंचाच्या हातात दोन ओळींचा कागद द्या. आदल्या दिवशी एकदा तालीम घ्याच.

दुसरा टप्पा १९२० च्या दशकातला: पूर्ण मैदान, तुमच्या वयोगटाच्या उंचीचं नेट, रोटेशन, तीन स्पर्श, साइड आउट पद्धतीने गुण, ब्लॉकचे हात आपल्याच बाजूला. तिसरा टप्पा आजचा: अँटेना, लिबेरो, प्रत्येक रॅलीला गुण. दुसरा आणि तिसरा टप्पा घड्याळ लावून सारखाच वेळ, सात-सात मिनिटं खेळवा. पहिल्याला दहा, उरलेली सहा मिनिटं नेट बदलायला आणि बोलायला. खांबांवर दोन्ही उंचींच्या खुणा आधी करून ठेवा आणि नेट बदलायला दोन मोठी माणसं ठेवा, म्हणजे दोन-तीन मिनिटांत काम होतं. टेप काढत बसू नका.

दोन गुणफलक ठेवा: एकावर झालेल्या रॅली, दुसऱ्यावर मिळालेले गुण. दुसऱ्या टप्प्यात रॅलीचा आकडा गुणांच्या पुढे पळताना दिसेल, तिसऱ्यात दोन्ही फलक बरोबर चालतील. १९९८ चा निर्णय का घ्यावा लागला, हे प्रेक्षकांना कोणी न सांगता समजेल.

तारखांबद्दल एक सूचना. एकाच बदलाला दोन ठिकाणी दोन वर्षं दिसली तर लगेच एकाला चूक ठरवू नका. मंजुरीचं वर्ष, अंमलाचं वर्ष आणि पहिल्या ऑलिंपिकचं वर्ष वेगळं असू शकतं. प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत १९९८ ला मंजूर झाली, १९९९ च्या विश्वचषकात वापरली गेली आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा २००० ला सिडनीत दिसली. फलकावर वर्षाच्या पुढे यातलं कोणतं ते एका शब्दात लिहा. बीच व्हॉलीबॉलला या अर्ध्या तासात ओढू नका. तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९२० च्या दशकात वाढलेला, दोघांच्या जोडीचा, १९९६ ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आलेला खेळ आहे, आणि त्याचं मैदान पुढे १६ बाय ८ मीटर झालं. त्याच्यासाठी प्रवेशद्वाराजवळ एक वेगळा फलक पुरे.